उघडी लिंक: सोसायटीच्या कागदपत्रांच्या कामाच्या नोंदी (जून ते ऑगस्ट २०२५)

८ जून २०२५, रविवार

आधी एक गोष्ट, या नोंदींमध्ये कोणाचंही नाव येणार नाही आणि फ्लॅट नंबर मी बदलून टाकलेत, नाहीतर कागदं झाकायचं काम करायचं आणि त्या कामाच्या वहीतूनच सगळी बिल्डिंग बाहेर, असला प्रकार व्हायचा. पुढच्या कमिटीला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय. मी खजिनदार, कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे नाही, दिवसभर अकाउंट्सचं काम करते, जे कळलंय ते थोडं वाचून आणि बरंचसं चुकून कळलंय.

काल रात्री साडेनऊला बी-३०४ च्या काकूंचा फोन आला, आवाज कापत होता. कुठल्यातरी लोनवाल्याने त्यांना फोन करून सांगितलं की तुमचा फ्लॅट अमुक साली अमुक किमतीला घेतलाय, काकांच्या आणि तुमच्या नावावर आहे, टॉपअप लोन देतो. किंमत रुपयापर्यंत बरोबर. काका गेल्यापासून काकू एकट्या राहतात, त्यांना वाटलं कोणीतरी घरात येऊन कपाट उघडून गेलं. आता ही माहिती नक्की कुठून गेली ते सांगता येणार नाही, बँक, एजंट, कुठूनही जाऊ शकते, तसं मी काकूंना सांगितलं पण. पण म्हटलं आपल्याकडचं तरी बघते.

ग्रुपवर मागे मागे स्क्रोल करत गेले तर दोन वर्षांपूर्वीचा मेसेज सापडला, "डीम्ड कन्व्हेयन्ससाठी सर्व सभासदांनी आपली कागदपत्रे खालील लिंकवर अपलोड करावीत" (डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही की सरकारकडे अर्ज करून ती करून घ्यायची). लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत टाकली, म्हणजे माझं लॉगिन नसताना बाहेरच्या माणसाला काय दिसतं ते कळावं. धाडकन उघडली. ४२ फ्लॅटपैकी ३८ जणांचे फोल्डर, प्रत्येकात ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश), शेअर सर्टिफिकेट, आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, लाइट बिल, एकाने तर पासपोर्ट आणि कॅन्सल्ड चेकसुद्धा टाकलाय, कोणी मागितला होता देव जाणे. आणि वर लिहिलेलं, लिंक असलेला कोणीही, एडिटर. म्हणजे बघताही येतं आणि बदलताही येतं.

रात्री झोप नाही आली नीट.

१० जून, मंगळवार

मागच्या सेक्रेटरी काकांशी बोलले. ते खवळले आधी, "मी फुकटात दोन वर्षं काम केलं आणि आता चोर ठरवताय का?" मग शांत झाले. त्यांचं म्हणणं खरंय, ४२ घरांतून एकेकाचा ईमेल घेऊन एकेकाला परवानगी द्यायची म्हणजे महिना गेला असता, निम्म्या आजी-आजोबांना स्वतःचा जीमेल पासवर्ड माहीत नाही, मग माणूस काय करतो, "एनीवन विथ द लिंक" वर टिचकी मारतो. आमच्या ऑफिसमध्येपण हेच चालतं, उगाच त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तसा गुगल ड्राइव्हच्या लिंकमधला अक्षरांचा शेपटा इतका लांब असतो की नुसता अंदाजाने तो सापडणार नाही. अडचण वेगळीकडे आहे. लिंक म्हणजे किल्लीच, आणि ती किल्ली आम्ही ग्रुपवर टाकली, ग्रुपवरून ती लोकांनी मुलांना, जावयाला, एजंटला फॉरवर्ड केली, आणि कळस म्हणजे काकांनी सोयीसाठी तिचा शॉर्ट लिंक करून क्यूआर कोड नोटीस बोर्डवर लावला होता. नोटीस बोर्ड गेटच्या आत उजव्या हाताला, जिथे कुरिअरवाले, दूधवाले, फ्लॅट बघायला आलेले सगळे उभे राहतात.

शॉर्ट लिंकचं वाचलं थोडं. २०१६ मध्ये कॉर्नेल टेकच्या दोघा संशोधकांनी दाखवलं होतं की पाच-सहा अक्षरांचे छोटे लिंक मशीनने एकामागून एक करून बघता येतात, आणि तसे बघताना त्यांना लोकांचे वनड्राइव्हवरचे (मायक्रोसॉफ्टचं ड्राइव्ह) उघडे फोल्डर सापडले, त्यातले काही तर कोणीही आत काहीही टाकू शकेल असे. म्हणजे मूळ लिंक कितीही लांब असली तरी तिला छोटं केलं की तो लांबपणा वाया. २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सचंही असंच झालेलं, शेअर केलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या साइटचा दुवा असेल आणि वाचणाऱ्याने तो दाबला तर त्या साइटवाल्याला मूळ फाइलचा गुप्त लिंक कळायचा, त्याच सुमारास लोकांनी असे लिंक सर्चच्या चौकटीत टाकल्यामुळे त्यांचे इन्कम टॅक्सचे आणि घरकर्जाचे कागदही बाहेरच्यांना दिसले होते. कोणी चोरी केली नव्हती, नुसता दुवा दाबला किंवा चुकीच्या जागी टाकला होता.

नोटीस बोर्डवरचा क्यूआर काढला. वॉचमनदादा म्हणाले, मॅडम, असाच एक लिफ्टमध्ये पण आहे, बी विंगच्या. तो नंतर काढू म्हटलं, लाइट गेलेली.

१४ जून, शनिवार

आज लिंक बंद करायला बसले, वाटलं दहा मिनिटांचं काम, पाच तास गेले.

फोल्डरची परवानगी बदलून फक्त ठरावीक लोकांसाठी केली. इनकॉग्निटोत फोल्डर उघडेना, खूश झाले. मग सहज ग्रुपवर एकाने कधीतरी एका फाइलची वेगळी लिंक टाकलेली ती दाबून बघितली, उघडली! फोल्डरला कुलूप लावलं तरी ज्या फाइलला स्वतःची वेगळी उघडी लिंक दिलेली असते ती तशीच उघडी राहते. अशा १७ फाइली निघाल्या, एकेक करून बंद केल्या.

दुसरी भानगड मालकीची. फोल्डर सेक्रेटरी काकांचा पण आत अपलोड केलेली फाइल ज्याने टाकली त्याची. ती आमच्या फोल्डरमधून काढता येते, पण ती कायमची पुसायची तर त्याच माणसाने पुसायची. म्हणजे ३८ घरी जाऊन सांगायचं.

आणि तिसरी, जी मला अजिबात माहीत नव्हती. काकांच्या स्वतःच्या फाइली आम्ही डिलीट केल्या, त्या ट्रॅशमध्ये गेल्या, आणि ट्रॅशमध्ये असताना ज्यांच्याशी शेअर केल्यात त्यांना त्या दिसतच राहतात. तीस दिवसांनी आपोआप जातात नाहीतर आपण ट्रॅश रिकामा करायचा. आम्ही डिलीट डिलीट करून हात झटकत होतो आणि तिकडे सगळं जसंच्या तसं. त्यामुळे क्रम लक्षात ठेवायचा, आधी शेअरिंग बंद, मग डिलीट, मग ट्रॅश रिकामा. पण मूळ कागद लागतील म्हणून आम्ही आज फक्त शेअरिंग बंद केलं, ट्रॅशमधल्या परत वर आणल्या.

हो आणि, मेंटेनन्सची एक शीट होती त्याच फोल्डरमध्ये, ती बंद करायच्या आधी उघडली तर वर कोपऱ्यात दोन रंगीत गोळे, अनॉनिमस कॅपिबारा आणि अनॉनिमस काहीतरी. शनिवारी दुपारी आमची थकबाकीची यादी बघत बसलेले हे दोन प्राणी कोण ते गुगलच्या फुकटच्या अकाउंटमध्ये कळत नाही, बदल कोणी केला ते दिसतं पण नुसतं कोण बघून गेलं ते नाही. आपलेच कोणीतरी असतील. असतीलच असं नाही.

१५ जून, रविवार

कमिटीची मीटिंग. गरम झाली.

ए-१०२ चे आजोबा, रिटायर्ड हेडमास्तर, म्हणाले सोसायटीत पारदर्शकता हवी, लपवाछपवी चालणार नाही. मी म्हटलं आजोबा, सहकार कायद्याने सभासदाला मीटिंगचं इतिवृत्त, ऑडिट झालेला ताळेबंद, सभासदांचं रजिस्टर बघायचा हक्क आहेच, पण हिशोबाच्या पुस्तकांत त्याने स्वतःच्या व्यवहारापुरतंच बघायचं आहे, शेजाऱ्याचं पॅन कार्ड यात कुठे बसतं? ते म्हणाले मुद्दा नोंद करा. केला.

मग चेअरमन साहेबांनी जो मुद्दा काढला तो मला खरंच अडकवून गेला. इंडेक्स टू तर सरकारच्या नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमध्ये शोधता येतो, नावं, किंमत, क्षेत्रफळ सगळं, मग आपण लपवून उपयोग काय, काकूंना आलेला फोन त्यावरूनही आला असेल. असेलही. त्यावर मी काही बोलू शकले नाही लगेच.

घरी येऊन विचार केला आणि आमचंच ॲग्रीमेंट काढून पान पान बघितलं. इंडेक्स टू म्हणजे एक पान, पण पूर्ण ॲग्रीमेंटमध्ये काय काय आहे! दोघांचे फोटो, सह्या, पॅन, साक्षीदारांची ओळखपत्रं, आणि अंगठ्याचे ठसे. स्वच्छ, मोठे, स्कॅन केलेले ठसे. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्याने नोंदणी खात्याच्या साइटवरून लोकांची खरेदीखतं उतरवून त्यातल्या ठशांचे रबरी शिक्के बनवले होते आणि त्यावर दुसऱ्यांच्या नावाने सिम चालू केली होती. पुढे असेच नकली ठसे वापरून आधारवाल्या पेमेंटने, म्हणजे गावात बँकमित्र अंगठा घेऊन पैसे देतो त्या पद्धतीने, लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार झाले. त्यात ओटीपी येत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. आमच्या फोल्डरमध्ये एका घराच्या नावाखाली आधार नंबर, ठसा आणि कॅन्सल्ड चेक असं तिन्ही एका जागी वाढून ठेवलेलं होतं. पासवर्ड बदलता येतो हो, अंगठा कुठून बदलून आणणार.

चेअरमन साहेबांना रात्री हे पाठवलं. त्यांचा एक अंगठा आला, इमोजीवाला. म्हटलं नेमका हाच पाठवायचा होता का.

२२ जून, रविवार

आज वकीलसाहेबांकडे गेलो, त्यांना एकच विचारलं की तुम्हाला नक्की काय काय लागतंय ते लिहून द्या. त्यांनी एका कागदावर यादी दिली. त्यात प्रत्येक सभासदाचा इंडेक्स टू, सभासदांची यादी, सोसायटीचं रजिस्ट्रेशन, सातबारा, मंजूर नकाशा, बिल्डरला पाठवलेली नोटीस, एक-दोन नमुन्याची ॲग्रीमेंट्स. ओळखपत्र फक्त सही करणाऱ्या तिघा पदाधिकाऱ्यांचं. ३८ घरांची आधार कार्डं त्यांनी मागितलीच नव्हती!

मग कोणी मागितली? सेक्रेटरी काका म्हणाले आधीच्या एका सोसायटीच्या नोटिशीवरून यादी उतरवली होती, त्यात होतं. तिथे कदाचित ती यादी तिसरीकडून उतरवली असेल. दोन वर्षं आम्ही जे सांभाळायला पाहिजे होतं आणि सांभाळलं नाही, त्यातलं बरंचसं आमच्याकडे असायलाच नको होतं.

ठरलं. आधार, पॅन, पासपोर्ट, चेक, लाइट बिल सगळं काढून टाकायचं. ॲग्रीमेंट परत ज्याचं त्याला. राहिला इंडेक्स टू.

२९ जून, रविवार

काढून टाकायचं म्हटल्यावर लोक म्हणाले ताई, आम्ही ही कागदं इतर ठिकाणीपण देत असतो, तिथे काय करायचं ते सांगा. म्हणून गच्चीवरच्या शेडमध्ये क्लास घेतला, बारा जण आले, भजी एकांनी आणली म्हणून बाराचे वीस झाले.

मास्क्ड आधार दाखवलं. यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून आधार उतरवताना मास्क्डचा पर्याय निवडायचा, मग पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात यूआयडीएआयच्या बंगळुरूच्या ऑफिसने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, मग गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, नेहमीची काळजी घ्या म्हणाले. पत्रक गेलं, मास्क्डची सोय मात्र आहे तशीच आहे. अडचण अशी की उतरवायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. बी-३०४ च्या काकूंचं आधार त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या नंबरला जोडलेलं, ते सिम बंद होऊन दोन वर्षं झाली. आता त्यांना आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यायला लागेल, पुढच्या आठवड्यात मी नेणार आहे.

पासवर्डची गंमत सांगते. उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड सगळ्यांचा एकाच सूत्राने, नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजीत कॅपिटल आणि पुढे जन्मसाल. आमच्या ग्रुपवर दर वाढदिवसाला "साठाव्या वर्षात पदार्पण" असा केकचा फोटो. नाव नोटीस बोर्डवर. मग तो पासवर्ड कसला, ती नुसती कडी. त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून ती फाइल बिनधास्त कुठेही पाठवायची नाही.

आणि क्यूआर. आपण नंबरवर काळी पट्टी मारतो आणि शेजारचा क्यूआर तसाच ठेवतो. जुन्या आधार कार्डांवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण बारा आकडी नंबर साध्या अक्षरांत असतो, कोणत्याही स्कॅनरने वाचता येतो. हेडमास्तर आजोबांचं कार्ड २०१३ चं, मी त्यांच्यासमोर स्कॅन केलं आणि नंबर स्क्रीनवर आला. आजोबा गप्प. मग म्हणाले, "हे शाळेत असताना कोणी सांगितलं असतं तर परीक्षेत विचारलं असतं." नव्या क्यूआरमध्ये पूर्ण नंबर नसतो पण नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असतोच. पट्टी मारायची तर दोन्हीवर मारायची.

बायोमेट्रिक लॉकपण दाखवलं, एम-आधार ॲपवरून ठसा कुलूपबंद करता येतो, मग कोणी नकली ठसा आणला तरी चालत नाही. दोघांनी तिथेच केलं. एका मावशींनी नाही केलं कारण त्यांना रेशनला अंगठा लावावा लागतो, लॉक असला की तिथेही चालणार नाही, दर वेळी उघडा-बंद करायला त्यांना जमणार नाही. बरोबर आहे त्यांचं, मी आग्रह नाही केला.

६ जुलै, रविवार

एकादशी. काही काम नाही. साबुदाण्याची खिचडी आणि लाइव्ह पंढरपूर. ग्रुपवर चौदा विठ्ठल आले.

१२ जुलै, शनिवार

काळ्या पट्टीचा घोळ. सी-२०१ चा मुलगा उत्साही, त्याने पदाधिकाऱ्यांच्या ओळखपत्रांवर आणि नमुन्याच्या ॲग्रीमेंटवर आपण होऊन पट्ट्या मारून पाठवल्या. छान काळ्या दिसत होत्या. मी सवयीने कंट्रोल ए, कंट्रोल सी केलं आणि नोटपॅडमध्ये चिकटवलं, सगळा मजकूर पॅनसकट खाली उतरला. पट्टी म्हणजे मजकुराच्या वर ठेवलेला काळा कागद, खाली मजकूर जिवंत. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत पॉल मॅनाफोर्टच्या (ट्रम्पच्या प्रचाराचा माजी प्रमुख) वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात हीच चूक झाली होती, पत्रकारांनी पट्टीखालचं कॉपी करून छापलं. एवढ्या मोठ्या वकिलांचं होतं तर बारावीतल्या पोराचं काय घेऊन बसलात.

दुसऱ्या फाइलमध्ये त्याने फोनमधल्या हायलायटरने काळं केलेलं, ते पेन अर्धपारदर्शक असतं, फोटोचा उजेड वाढवला की आकडे भुतासारखे वर येतात. त्याला दाखवलं तर तो "अरे बापरे" म्हणून दहा मिनिटं त्याच्याच जुन्या फाइलींवर हे करत बसला.

आम्ही शेवटी जे ठरवलं ते असं. पट्टी मारली की पान पीडीएफ म्हणून सेव्ह करून थांबायचं नाही, त्याचं जेपीजी चित्र करायचं आणि चित्रावरून परत पीडीएफ. नुसतं "प्रिंट टू पीडीएफ" करून भागत नाही, काही वेळा मजकूर तसाच खाली राहतो. आणि पाठवायच्या आधी कॉपी-पेस्ट करून बघायचंच. सगळ्यात बिनधोक म्हणजे जुनी पद्धत, झेरॉक्स काढा, मार्करने काळं करा, त्याची परत झेरॉक्स काढा, मग स्कॅन. सेक्रेटरी काकांना ही फार आवडली.

क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचंही त्याने शोधून सांगितलं, २०२३ मध्ये कळलं की गुगलच्या पिक्सेल फोनच्या एडिटरने कापलेला भाग फाइलमध्ये मागे राहत होता, परत काढता यायचा. आता दुरुस्त केलंय पण तेव्हाचे जुने स्क्रीनशॉट तसेच आहेत म्हणे. असो, आमच्यात पिक्सेल कोणाकडे नाही.

१३ जुलै, रविवार

पाऊस लागलाय, गळतीचे फोटो येतायत. त्यावरून फोटोतल्या माहितीची परीक्षा घेतली. गॅलरीतल्या डागाचा एकच फोटो दोन पद्धतीने मलाच पाठवला, एकदा नेहमीसारखा फोटो म्हणून, एकदा "डॉक्युमेंट" म्हणून. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात दोन्ही टाकले. फोटो म्हणून गेलेल्यात फोनचं मॉडेल, जागा काहीच उरलं नाही, व्हॉट्सॲप ते काढून टाकतं आणि फोटो लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्यात सगळं शाबूत, तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आणि अक्षांश-रेखांश, नकाशावर टाकले तर बरोबर आमच्या बिल्डिंगवर टाचणी. आमच्याकडे क्वालिटी चांगली राहते म्हणून सगळे डॉक्युमेंटच करून पाठवतात, मीच मागच्या वर्षी तसं शिकवलं होतं.

गळतीच्या फोटोत काही मोठं नाही म्हणा, बिल्डिंगचा पत्ता सगळ्यांना माहीतच आहे. पण ओएलएक्ससारख्या ठिकाणी सोफा विकायला फोटो ईमेलने पाठवला तर घराची जागा बरोबर जाते हे लक्षात असू द्या. अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी २०१२ च्या डिसेंबरमध्ये बेलिझच्या पोलिसांना चुकवत फिरत होता, त्याच्यासोबत असलेल्या मासिकवाल्यांनी मोठ्या अभिमानाने फोटो छापला आणि फोटोतल्याच आकड्यांवरून कळलं की तो ग्वाटेमालात आहे. लोकांची कॉम्प्युटरं सांभाळायचं सॉफ्टवेअर काढलेला माणूस. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून ठेवलं की झालं, आज घरातल्या चारही फोनवर केलं.

२० जुलै, रविवार

झेरॉक्सच्या दुकानाचं लिहायचं राहिलं होतं. दुकानाचं नाव नाही लिहीत, स्टेशनकडे जाताना अशी पाच दुकानं आहेत आणि पाचही सारखीच. परवा इंडेक्स टूचा प्रिंट काढायला गेले, मालक म्हणाला व्हॉट्सॲप करा या नंबरवर. मी म्हटलं पेनड्राइव्ह आणलाय. तो लावायला त्याने फाइलींची खिडकी उघडली आणि डाउनलोडचा फोल्डर समोर, वर्षभराचा असेल, हजारो फाइली, कोणाचं आधार, कोणाची मार्कशीट, कोणाचं मेडिकल रिपोर्ट, नावासकट. दुकानात तेव्हा मी धरून चार गिऱ्हाईकं उभी. त्याला विचारलं हे पुसत का नाही, तो म्हणाला, "ताई, माणूस परत येतो, म्हणतो कालचीच अजून एक काढा." त्याचंही खरंय की.

आता मी जाते तेव्हा पेनड्राइव्हवर फक्त तीच एक फाइल नेते, आणि पाठवावीच लागली तर प्रिंट झाल्यावर तिथेच उभी राहून म्हणते दादा ती पुसा, आणि रिसायकल बिनमधून पण. पहिल्यांदा लाज वाटते, नंतर सवय होते.

ऑनलाइन पीडीएफ जोडणाऱ्या, लहान करणाऱ्या फुकटच्या साइट हा त्याचाच भाऊ. फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते, एक-दोन तासांत पुसतो म्हणतात, पुसतही असतील. मी पीडीएफसॅम उतरवून घेतलंय, इंटरनेट बंद असताना पण चालतं, पानं जोडायला पुरे.

२६ जुलै, शनिवार

वकीलसाहेबांना गठ्ठा द्यायचा दिवस आणि माझी फजिती.

मी वाचून वाचून सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने सगळं एका फाइलीत बांधलं, एईएस-२५६ नावाचं भक्कम कुलूप लावलं, आतल्या फाइलींची नावंपण झाकायची खूण केली (ती नाही केली तर पासवर्ड नसतानाही आतल्या नावांची यादी दिसते, आणि आमच्या फाइलींची नावंच मुळी सभासदांची नावं), सोळा अक्षरी पासवर्ड. ईमेलने पाठवलं. पासवर्ड फोनवर सांगायचा असं ठरवलेलं, कारण ज्या वाटेने फाइल त्याच वाटेने पासवर्ड पाठवला तर कुलपाला किल्ली बांधून दिल्यासारखं होतं.

क्लार्कचा फोन, मॅडम फाइल उघडत नाही. ते फोनवरच उघडत होते, फोनला सेव्हन-झिप कळेना. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायला साहेबांची परवानगी नाही. मग सोळा अक्षरं फोनवर सांगताना "बी बॉम्बेचा की डी डोंबिवलीचा" यात वीस मिनिटं. शेवटी ते म्हणाले मॅडम असं करा ना, व्हॉट्सॲपच करा सगळं. मी जवळजवळ केलंच होतं, खरं सांगते.

शेवटी लिब्रेऑफिस या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक विंगची एकेक पीडीएफ केली, एक्सपोर्ट करताना सिक्युरिटीमध्ये उघडायचा पासवर्ड टाकला, ती फोनवरही उघडते. पीडीएफला दोन पासवर्ड असतात, एक उघडायचा आणि एक प्रिंट-कॉपी अडवायचा, दुसऱ्यावर भरवसा ठेवू नका, तो कितीतरी प्रोग्राम मनावरच घेत नाहीत. पासवर्ड चार साध्या मराठी शब्दांचा ठेवला, इंग्रजी लिपीत, मध्ये टिंब. क्लार्कना पटकन लिहून घेता आला, हसले पण, कारण त्यात "भरीत" होतं. (आता बदललाय.)

रात्री त्यांचा रिप्लाय आला, "मिळाले, उघडले, पासवर्ड खाली लिहून ठेवला आहे" आणि खाली खरंच पासवर्ड. त्याच ईमेलला.

३ ऑगस्ट, रविवार

व्हॉट्सॲप ग्रुप. ४२ फ्लॅट आणि ग्रुपात ७१ जण. यादी काढली तर नऊ जण सोडून गेलेले भाडेकरू, एक पूर्वीचा पेपरवाला, दोन ब्रोकर, आणि एक नंबर कोणाचा तेच कळेना. सगळ्यांना काढलं, दोघांनी वाईट वाटून घेतलं, एका जुन्या भाडेकरू वहिनींनी फोन केला की मला गणपतीचे फोटो तरी पाठवत जा.

डी विंगचे एक दादा म्हणाले व्हॉट्सॲप एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहे २०१६ पासून, मग भीती कशाची. वाटेत कोणी वाचत नाही हे बरोबर. पण पोचल्यावर ती फाइल ७१ फोनांत उघडीच पडलेली असते ना, फोटो असेल तर गॅलरीत, गॅलरीतून ज्याने चालू ठेवलंय त्याच्या गुगल फोटोजमध्ये, नातवाच्या हातात, दुरुस्तीवाल्याकडे. "डिलीट फॉर एव्हरीवन" साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं, आमच्या फाइली दोन वर्षांपूर्वीच्या. त्यामुळे घरोघरी जाऊन, स्टोरेजमध्ये जाऊन, ग्रुप निवडून, ज्याचं त्याने पुसायचं. २६ घरं झाली. ताक, चहा, ताक, चहा. चौथ्या मजल्यावर एका घरी उपमा.

कायद्याचं कोणीतरी विचारलं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालाय, नियमांचा मसुदा २०२५ च्या जानेवारीत आला, अंतिम नियम तेव्हा यायचे होते (ते पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये आले). त्याची वाट बघत बसायचं नाही असं कमिटीने एकमताने ठरवलं, हे मात्र पहिल्यांदा एकमताने झालं.

१७ ऑगस्ट, रविवार

काकूंचं आधार नव्या नंबरला जोडून झालं, दोन खेपा पडल्या. त्यांचा मास्क्ड काढून दिला. लोनवाल्याचा परत फोन आला होता, काकू म्हणाल्या, "मी म्हटलं पैसे मागायला फोन केलात तर १९३० ला लावीन." १९३० म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, क्लासमध्ये सांगितली होती, ती त्यांनी धमकीसाठी वापरली. चालेल.

सेक्रेटरी काकांच्या अकाउंटमधलं सगळं बाकी पुसलं, ट्रॅश रिकामा केला, त्यांच्याच हाताने. आता नव्या फोल्डरमध्ये फक्त इंडेक्स टू आणि सोसायटीची कागदं, परवानगी चार ईमेलना, त्यातला वकीलसाहेबांचा ईमेल कन्व्हेयन्सचा अर्ज दाखल झाला की काढायचा, मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलंय. रिकामा जुना फोल्डर तेवढा ठेवलाय, जुनी लिंक कोण दाबतं ते बघायला.

२४ ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांवर गणपती, मंडप लागला. सकाळी काकांच्या ईमेलवर जुन्या फोल्डरसाठी परवानगी मागणारे मेसेज, आठवड्यात सहा. पाच आपलेच, वर्गणीची यादी शोधत होते. सहावा कोणाचा ते कोणालाच माहीत नाही, नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. काकांनी मला विचारलं देऊ का, कदाचित भाडेकरू असेल. म्हटलं नको, असेल तर येईल विचारायला.

मग आठवलं, बी विंगच्या लिफ्टमधला क्यूआर. गेले बघायला, आरशाच्या बाजूला अजून चिकटलेला, वर कोणीतरी पेनाने मिशा काढलेल्या. नखाने खरवडला, अर्धा निघाला, अर्धा राहिला. वॉचमनदादा केरोसीन आणतो म्हणालेत.